लिहिताना पात्र आपले ऐकेनासे होते, ते का?

खाडीकाठचा:
मी हर्णै बंदरावरील एका वृद्ध कोळणीची कथा लिहीत आहे. लिलावात तिला गप्प बसवायचे मी ठरवले होते. परंतु तिने टोपलीतली सुरमई दलालासमोर आपटून भांडण उकरून काढले, आणि त्या तंद्रीत चुलीवरची पेज करपल्याचाही मला पत्ता लागला नाही. ही केवळ कल्पनाशक्ती म्हणावी काय?

माडबन:
मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील ९२ टक्के लेखकांना पात्रे स्वतंत्रपणे वागत असल्याचा अनुभव कमी-अधिक प्रमाणात आलेला आढळला. सरावाने कल्पना करणे इतके अंगवळणी पडते की त्यामागचे आपले श्रम आपल्यालाच जाणवत नाहीत, हे त्यांनी सुचवलेले स्पष्टीकरण मला पटते. कोळीण तुमचीच आहे.

सुरंगी:
पेजेचे कारण मात्र वेगळे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी ज्या अवस्थेला ‘फ्लो’ म्हटले, तीत सारे अवधान हातातल्या कामात गुंतते आणि वेळेचे भान सुटते. काम आपल्या कौशल्याच्या मानाने फार सोपे किंवा फार अवघड असले, तर ती तंद्री लागत नाही.

खाडीकाठचा:
आभारी आहे. आता भांडण पुरे होऊ देतो. पेजेसाठी गजर लावला आहे.