लायसन्स मालकाचं की डबड्याचं?

राउटरग्रस्त
काल एकाने लिहिलंय, "राउटरच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या डबड्याच्या सिरियल नंबरला बांधलेलं असणं हेच उत्तम. नोंदी चोख ठेवणाऱ्याला कसलाच त्रास नाही." गप्प बसणार होतो, राहवलं नाही.
माझ्या नोंदी चोख होत्या. शनिवारी रात्री राउटर मेला. बदली डबडं काही तासांत दारात, कॉन्फिगचा बॅकअप हाताशी, पण लायसन्स जुन्या सिरियलवर. कंपनीचं लायसन्स पोर्टल म्हणतं, आधी जुन्या राउटरवरून लायसन्स काढा. मेलेल्यावरून! केस टाकली, उत्तर सोमवारी. तोवर टनेल, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी, बंद. पैसे मी भरले, मग लायसन्स माझं की पत्र्याच्या पेटीचं?

जुना_खोड
ती पोस्ट माझीच. तुम्ही रीहोस्ट (चालू राउटरवरचं लायसन्स दुसऱ्यावर हलवणं) करत बसलात, आरएमएचा, म्हणजे बिघडलेलं डबडं बदलून घेतानाचा, पर्याय वेगळा असतो. आणि इव्हॅल्युएशन, म्हणजे तात्पुरतं चाचणी लायसन्स, का नाही चालू केलं?

राउटरग्रस्त
पर्याय वेगळा असतो हे रात्री अडीचला तुम्हीच येऊन सांगायचं होतंत. इव्हॅल्युएशन आदल्या वर्षी चाचणीतच संपवलेलं. ही चूक माझी, घ्या.

पॅच_पॅनेल
अजून सिरियलवर भांडताय? सिस्कोने आपल्या आयओएस एक्सई या राउटर सॉफ्टवेअरच्या १७.३.२ आवृत्तीपासून पॉलिसीवालं स्मार्ट लायसन्सिंग आणलं. बहुतेक लायसन्स आधी वापरा, अहवाल नंतर पाठवा.

जुना_खोड
"बहुतेक". एचसेकला (भारी एन्क्रिप्शनच्या लायसन्सला) परवानगीचा कोड आधीच लागतो, आणि तो बांधलेला कशाला? यूडीआयलाच, म्हणजे मॉडेल आणि सिरियल मिळून होणाऱ्या ओळखीला! मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस सॉफ्टवेअरचं लायसन्स तर डिस्कला चिकटलेलं, भलत्या टूलने फॉरमॅट केली की गेलं. कुठेतरी बांधावं लागतंच. नाहीतर एक लायसन्स घेऊन पन्नास व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन करणारे महाभाग मी पाहिलेत.

नोंदवही
"नोंदी चोख" वर माझं ऐका. मीही तेच म्हणायचे. पोर्टलवरची सिरियल नंबरांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह केली. एका सिरियलमध्ये आकडे, मधे ई, पुन्हा आकडे. एक्सेलने तो आकडा समजून त्याचा घातांक केला, मूळ सिरियल गेला. कळलं ऑडिटच्या दिवशी.

पॅच_पॅनेल
सुरुवातीची शून्यंही गिळतं ते. कॉलम आधी टेक्स्ट करा.

नोंदवही
करते हो. पुढचा माणूस डबल-क्लिक करून उघडतो त्याचं काय?

रॅकमागचा
एक्सेलला कशाला बोल? स्टिकर बघा. डबडं रॅकमध्ये, स्टिकर बुडाशी. मोबाइल आत सरकवून अंदाजाने फोटो काढायचा, मग ठरवायचं की हा आठ आहे की बी.

जुना_खोड
स्टिकर वाचतंच कोण? राउटरवर 'शो लायसन्स यूडीआय' ही कमांड मारा.

राउटरग्रस्त
मेलेल्या राउटरवर मारून दाखवा.

जुना_खोड
म्हणून म्हणतो, जिवंत असताना नोंद करा!

नोंदवही
कशात, एक्सेलमध्ये?

जुना_खोड
बाई, तुम्ही विषय कुठे नेलात!

नोंदवही
विषय नोंदींचाच आहे. तुमच्याच पोस्टमधला.

जुना_खोड
बरं. राउटर मेला तर जुन्याची परवानगी न मागता लायसन्स नव्यावर द्यावं, एवढं मान्य. क्लोन करणाऱ्यांना मात्र माफी नाही. आणि आमच्या शीटमध्ये आत्ताच दोन घातांक सापडलेत, ते नीट करायला जातो.