परदेशात मदतीला गेलात आणि परक्या घरात राहिलात? त्या घराबद्दल लिहा

काल घट उठवले. सासऱ्यांनी टोपीत धान खोवलं आणि मला एकदम आमा आठवली. आमा म्हणजे नेपाळीत आई, जिच्या घरी मी राहिले ती.

२०१५ चा दसरा मी नेपाळात, गोरखा जिल्ह्यातल्या एका खेड्यात काढला. २५ एप्रिलच्या भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बसलं होतं. सगळे पत्र्याच्या टहऱ्यात, म्हणजे तात्पुरत्या शेडमध्ये, पाच माणसांत सहावी मी. शाळेचे तात्पुरते वर्ग उभारायला गेले होते. खरं सांगायचं तर बांबू इकडून तिकडे न्यायचे.

पहिल्या रात्री आमाने ताट वाढलं आणि विचारलं, "मीठो छ?" मला वाटलं, मीठ हवं का विचारतेय. मी चिमटीने 'थोडंसं' अशी खूण केली. तिचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी धाकट्याने उलगडा केला, मीठो म्हणजे चवदार, मिठाला नुन. म्हणजे दोन दिवस मी तिला 'जेवण जेमतेम बरं आहे' असं सांगत होते! आमा हसून हसून चुलीपाशी फतकल मारून बसली.

तेव्हाच भारताच्या सीमेवर नाकाबंदी सुरू झाली, आपल्याकडून माल जाईना. गॅस नाही, पेट्रोल नाही. भारतीय म्हटलं की चहाच्या टपरीवर लोक गप्प व्हायचे. घरात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मलाच लाज वाटून मी कमी जेवायला लागले, तर आमा रुसली. "पुग्यो", म्हणजे पुरे, म्हटलं तरी भाताचा एक डाव पडायचाच.

तोवर मला डोको, म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, उचलू देत नव्हते. पाहुणी ना. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, आमाने कपाळभर टीका लावला, तांदूळ-दही-अबीर, आणि कानामागे जमरा, म्हणजे आपलं घटातलं धानच. दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता लहान डोको माझ्यापुढे ठेवला, चल गवताला.

तुम्ही लिहा. काम काय केलंत ते राहू दे, घराबद्दल सांगा.

खारी_बुडवा
टांझानिया, मोशी. स्वाहिलीत गाडीला गारी, विम्याला बिमा, त्यामुळे मी जोरात. भाषा काय, आठ दिवसांत येईल! घरची मामा (तिकडे आईला मामा म्हणतात) म्हणाली रविवारी 'सा म्बिली'ला चर्च. म्बिली म्हणजे दोन, एवढं येत होतं. सकाळी आठला अख्खं घर नटूनथटून दारात आणि मी लुंगीत दात घासतोय. त्यांचं घड्याळ सूर्य उगवल्यापासून सुरू होतं हो. आपले सात म्हणजे त्यांचा एक. तसाच ओल्या केसांनी गेलो. पुढे वर्षभर त्या घरात मला 'सा म्बिली'च म्हणायचे.

सातारकर_ताई
लुंगीत 😂😂 किलिमांजारो दिसायचा का घरातून?

खारी_बुडवा
ढग नसले तर. म्हणजे बहुतेक नाहीच.

मिसळीचा_कट
जर्मनी, एफएसजे म्हणजे तिथलं वर्षभराचं स्वयंसेवी समाजकार्य, वृद्धाश्रमात काम. पहिल्या संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी. मी आपला दोन घास खाऊन जेवणाची वाट बघत बसलो. तेच जेवण होतं. उपाशी झोपलो. नंतर एका रविवारी मिक्सरवर चटणी वाटली तर घरच्या आजोबांनी येऊन प्लगच काढला, रविवारी आवाज नाही. चटणी मात्र त्यांनीच संपवली, चीजबरोबर.

सातारकर_ताई
आमच्याकडे उलटं. गावातल्या बालवाडीत मदतीला आलेली डेन्मार्कची मुलगी महिनाभर आमच्या घरी होती. आई "अजून एक" म्हणून चपाती वाढायची, ती बिचारी नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून खायची. आईने गल्लीभर सांगितलं, गोऱ्या पोरी लई जेवतात. ती जाताना म्हणाली, रोज रात्री पोट दुखायचं. आई आजपण तो विषय काढला की उठून जाते.

बाकी कुकर लावलाय, नंतर येते.

नुसतं_वाचतो
सगळ्यांचं गोड गोड वाचून लिहावं की नको वाटत होतं. मी पेरूत, कुस्कोजवळ होतो. साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंची, पहिले चार दिवस डोकं फुटायची पाळी. स्वयंपाकघरात खायला पाळलेले गिनीपिग पळत असायचे, आणि मी शाकाहारी. ते जमवून घेतलं. पण मी एका संस्थेला राहण्याजेवणाचे भरपूर पैसे भरले होते आणि घरातली बाई स्वतःच्या पोरांच्या ताटातला बटाटा मला वाढायची. तिला किती मिळाले ते विचारायची हिंमत झाली नाही, स्पॅनिशही तेवढं नव्हतं. बाराव्या दिवशी परत आलो. सगळ्यांना सांगितलं उंची मानवली नाही.

खारी_बुडवा
नुसतं_वाचतो, बरं केलंत लिहिलंत.

मिसळीचा_कट
+१. पैशाचं आम्हालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

पोळीभाजी
विषयांतर करते. नेपाळला गुंद्रुक खाल्लंत का? आमच्या सोसायटीतले काका दशैंहून येताना देऊन गेलेत. पुडीला वास येतोय, करू काय?

धागाकर्ती
अगं खाल्लं म्हणजे काय, रोज! पालेभाजी आंबवून वाळवतात. आपली हरभऱ्याची वाळवलेली भाजी असते ना, तिची आंबट बहीण. भिजवून, कांदा-टोमॅटो घालून पातळ कर.

सातारकर_ताई
आले परत. आमाशी बोलणं होतं का अजून?

धागाकर्ती
होतं की. घर पक्कं झालंय, धाकटा मलेशियात कामाला. आज सकाळीच फोन केला. पहिला प्रश्न जेवलीस का, दुसरा मीठो थियो? मी म्हटलं, थोडंसं. तिकडे पाच मिनिटं नुसतं हसू.

पोळीभाजी
भिजवलं. अख्ख्या घराला वास. नवरा विचारतोय काय मेलंय.

धागाकर्ती
खिडकी उघड आणि फोडणीत लाल मिरची टाक. त्याला खाल्ल्यावर सांग.