मदत हवी आहे: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कुठून गळायलंय तेच सापडंना

मोसंबी_अंबड (सोमवार, रात्री ९:४०)
चार दिवस झाले, स्टिअरिंगचं ऑइल गळायलंय. रात्री टाकी भरली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिनच्या खुणेखाली. वळवताना घूंऽ आवाज येतो, स्टिअरिंग जड लागतं. स्टिअरिंग बॉक्सचं (स्टिअरिंगचा दांडा ज्या गिअरच्या पेटीत जातो तिचं) काम झालेलं आहे, म्हणून बॉक्स सोडून सांगा. गुरुवारी तोडणीला माणसं सांगून ठेवलीत, माल जालन्याला न्यायचाय. जरा लवकर सांगा.

पाना_चौदा
गाडी कोणती, किती सालची? ऑइल कोणतं भरता? डाग कोणत्या बाजूला पडतो? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार, दादा?

परभणीकर_काका
रॅक (बॉक्सऐवजी काही गाड्यांना असतो तो चाकं वळवणारा दात्यांचा आडवा दांडा) गेला. माझ्या कारचं असंच झालं होतं. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत ऑइल खेळत असेल तर सील गेलंय. सील बदलत बसू नका, अख्खा रॅकच टाका. मी सील बदललं, चार महिन्यांत परत गळायला लागलं.

पाना_चौदा
काका, ते बॉक्स म्हणतायत. बॉक्सवाल्या गाडीला रॅक कुठला?

परभणीकर_काका
आमच्याकडं रॅकलासुद्धा बॉक्सच म्हणतात. त्यांनाच विचारा.

मोसंबी_अंबड
पिकअप आहे, २०१३ ची. बॉक्सच आहे, रॅक नाही. डाग ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला. ऑइल लाल, बाटली गॅरेजवाल्यानंच दिलेली.

सेलूची_स्वारी
माझ्या कारला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. त्यात ऑइलच नसतं, मोटर जोर लावते. पाच वर्षांत एक रुपया खर्च नाही. पुढची गाडी घेताना हे बघून घ्या.

गोदाकाठ
गळती थांबवायचं औषध मिळतं, टाकीत ओता, काम झालं. आणि वाटेत ऑइल संपलं तर ब्रेक ऑइल टाका. मी गेवराईहून बीडपर्यंत तशीच नेली होती.

पाना_चौदा
ब्रेक ऑइल अजिबात टाकू नका! ब्रेक ऑइल असतं ग्लायकोलचं आणि या स्टिअरिंगची सीलं असतात खनिज तेलाला चालणारी. ब्रेक ऑइलनं ती फुगतात, मऊ पडतात. आज एक जागा गळतीय, मग पंप, बॉक्स सगळंच गळंल. औषधाचंही तेच. कडक झालेलं रबर थोडं फुगवून ते गळती कमी करतं. सैल क्लिपला किंवा तडकलेल्या पाइपाला त्याचा काय उपयोग?

गोदाकाठ
माझ्या गाडीला तर काही झालं नाही.

पाना_चौदा
त्या दिवशी नसंल झालं. सील एका फेरीत जात नाही. पुढं ती गाडी किती दिवस ठेवली ते सांगा.

गोदाकाठ
विकली. पण स्टिअरिंगमुळं नाही.

रिकामी_ट्रॉली
अंबडवाले दादा, जालन्यात मोसंबीला काय भाव चाललाय? आमच्याकडं घनसावंगीत औंदा मोसंबीच्या आंबे बहाराची फळगळ लई झाली. निम्मा माल झाडाखालीच.

परभणीकर_काका
पाऊस लागून राहिला की मुळाशी पाणी साचतं, मग फळ गळतं. चर काढून द्या.

मोसंबी_अंबड
भावाचं मागून बोलू. आधी गाडीचं कोणी सांगा राव, दोनच दिवस हातात आहेत.

मीरा_लातूर
दादा, आमचं लातूरला गॅरेज आहे, वडील तीस वर्षं हेच काम करतात. आधी एक सांगा, बॉक्सचं काम कधी झालं आणि त्या वेळी पाइप काढले होते का?

मोसंबी_अंबड
मागच्या महिन्यात. तेव्हाही गळत होतं, म्हणून गॅरेजवाल्यानं बॉक्स उतरवून सील किट टाकलं. पाइप काढल्याशिवाय बॉक्स निघतो का ताई?

मीरा_लातूर
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. काम झाल्यावर महिनाभरात गळती परत आली, तर आधी उघडलेले जोड बघायचे.

जिथं ऑइल जास्त दिसतं तिथूनच ते गळतं असं नसतं. ऑइल खाली उतरतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं, त्याच्यावर धूळ बसते आणि सगळा बॉक्सच गळतोय असं वाटतं. म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

सकाळी इंजिन थंड असताना पंप, बॉक्स आणि दोन्ही पाइप (पंपातून बॉक्सकडं जाणारा दाबाचा आणि परत येणारा रिटर्न) ब्रशनं डिझेल लावून धुवा. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावर आणि डायनामोवर प्लास्टिक झाका, तिथं डिझेल जाऊ देऊ नका. फडक्यानं पुसा, चांगलं वाळू द्या. मग जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका. टाकी मॅक्सपर्यंत भरा. प्लास्टिक काढून इंजिन चालू करा. एकानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, टोकाला दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही, पंप तापतो. दुसऱ्यानं हातबॅटरी घेऊन लांबून बघायचं. पावडर जिथं आधी लाल होईल, तीच जागा.

चालू इंजिनात पाइपावरून बोट फिरवू नका. टोकाला वळवल्यावर आत शंभर बारच्या आसपास दाब जातो. बारीक भोकातली चिळकांडी कातडीच्या आत शिरते, वरून सुईएवढी जखम दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

पाना_चौदा
बरोबर. बॉक्सवर जिथं पाइप पोकळ बोल्टानं बसतो तिथली तांब्याची वॉशरं बघा. जुनीच परत लावली असतील तर तिथूनच गळतंय. नुसता बोल्ट आवळू नका, आटे जातील.

परभणीकर_काका
माझं मत पंपाचं सील.

मोसंबी_अंबड (मंगळवार, संध्याकाळी ७:१५)
ताई, सापडलं. धाकट्याला स्टिअरिंगवर बसवलं, मी बॅटरी धरली. पंप कोरडा, रिटर्न पाइपाची क्लिप कोरडी. बॉक्सवर दाबाचा पाइप बसतो त्या बोल्टाच्या मुंडीखाली पावडर लाल झाली आणि तिथून ओघळ थेट बॉक्सच्या बुडाला. इतके दिवस आम्ही बुडाकडंच बघत होतो. बोल्ट काढला तर दोन्ही वॉशरं जुनीच, एक तर वाकडं. अंबडहून त्याच मापाची नवी आणून बसवली. पण आता टाकीत फेस दिसतोय, आवाज आधीपेक्षा जास्त.

मीरा_लातूर
हवा शिरलीय. पुढची चाकं जॅकवर उचला, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. पातळी उतरली की भरत राहा. मग इंजिन चालू करून परत तेच. फेस जिरला नाही तर अर्धा तास तसंच सोडा.

मोसंबी_अंबड (बुधवार, सकाळी ६:३०)
रात्रभर पुठ्ठा कोरडा. फेस गेला, स्टिअरिंग हलकं झालं. थोडा आवाज अजून आहे.

पाना_चौदा
पट्ट्याचा ताण बघा. तो बरोबर असेल तर कमी ऑइलवर चालून पंप थोडा घासला असंल. रोज पातळी बघत चला.

परभणीकर_काका
पंप बदलाच.

मोसंबी_अंबड
उद्याचा माल पोचवतो, पंपाचं रविवारी बघतो. आज रात्रीपण पुठ्ठा टाकणार आहे. घनसावंगीवाले दादा, भाव शुक्रवारी विक्रीची पट्टी हातात आली की कळवतो.