मदत हवी आहे: वाळलेलं गोल्डनरॉड कापू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मिनेसोटात राहते. मागच्या अंगणात कुंपणाच्या कडेने गोल्डनरॉड (पिवळ्या फुलांचं उंच रानरोप) आपसूक वाढलंय. दर शरदात एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र येतं, वाळलेले दांडे आणि पाचोळा काढा म्हणून. गेल्या वर्षी निम्मं कापून होतंय तोवर बर्फ आला, बाकीचं तसंच राहिलं.

जानेवारीत, उणे २० सेल्सिअसला, एक चिकडी त्या दांड्याला उलटी लटकून वरची गोल गाठ फोडत होती. (चिकडी म्हणजे आपल्या वल्गुलीच्या कुळातली, काळ्या टोपीची छोटी पक्षीण.) शेजारीच फीडर सूर्यफुलाच्या बियांनी भरलेला, तरी! जेमतेम ११ ग्रॅमचा जीव, पण चिकाटी केवढी. नंतर जाऊन गाठी पाहिल्या. काहींना वेडंवाकडं, कडा फाटलेलं भोक होतं, ते चिकडीचं. काहींना गिरमिटाने पाडावं तसं नेटकं, ते छोट्या डाउनी सुतारपक्ष्याचं. एक अख्खी गाठ सुरीने चिरली तर आत साबुदाण्याएवढी पिवळट अळी, खड्यासारखी कडक. मेली असं वाटलं, पण ओट्यावर ठेवल्यावर थोड्या वेळात वळवळायला लागली. ही गाठमाशीची अळी (दांड्यावर गाठ येते ती हिच्यामुळेच) अंगात ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉल ही थंडीपासून वाचवणारी द्रव्यं साठवते, म्हणून गोठूनही जगते.

तेव्हापासून कापलेल्या दांड्यांची रुखरुख लागून राहिलीय. चिकडीचं हिवाळ्यातलं साधारण निम्मं खाणं किडे, कोळी असलंच असतं. एरवी तर ८०-९० टक्के. पिल्लांना भरवायलाही अळ्या आणि कोळीच लागतात.

आता विचारायचं ते असं. माश्या वसंतात गाठीतून बाहेर पडतात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला कापून कचऱ्यात दिलं तर त्याही जाणार. मग दांडे नक्की कधी काढता? कापून आडवे टाकले तर बर्फाखाली जातात, तिथे पक्ष्यांची चोच पोचत नाही. जुडी बांधून कुंपणाला उभी केली तर पक्षी येतात का? कोणी करून पाहिलंय? पाचोळ्यात कोळी थंडी काढतात, म्हणून तो या वेळी झाडांच्या बुंध्याशी ओढून ठेवणार आहे. थर किती जाड ठेवावा?

आणि एचओएला कोणी पटवलं असेल तर पत्रात काय लिहिलंत ते कृपया इथे टाका. मला १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यायचंय.