मदत हवी आहे: चीनमधली भाची, गाओकाओ आणि परदेशातला प्रवेश

सूजौकर_सांगली

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं चीनमध्ये सूजौला नोकरी करतोय. बायको इथलीच. तिच्या भावाची मुलगी साध्या सरकारी शाळेत आपल्या अकरावीच्या बरोबरीच्या वर्गात आहे. मला 'गूफू' म्हणते, म्हणजे आतोबा. गावाकडेही आता कुणी फारसा वापरत नाही तो शब्द, मला इथे येऊन चिकटला.

पोरीला फूड सायन्स शिकायला बाहेर जायचंय. सासुरवाडीचा ठाम समज असा की गूफूला इंग्रजी येतं, म्हणजे त्याला सगळं ठाऊक. मी बारावी, इंजिनिअरिंग आणि थेट नोकरी या वाटेने आलेला माणूस. परदेशी विद्यापीठाचा फॉर्म जन्मात भरलेला नाही.

इथली बारावी म्हणजे गाओकाओ. ७ जूनला सुरू होते. आमच्या जिआंगसू प्रांतात ७५० गुणांची: चिनी, गणित, इंग्रजी प्रत्येकी १५०, भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांपैकी एक १००, आणि वर आणखी दोन विषय. पोरगी भौतिक-रसायन-जीववाली. सकाळी सातला शाळेत जाते ती रात्री साडेनऊला घरी येते. या रगाड्यात आयेल्ट्स (परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा) आणि अर्ज कुठे बसवायचे? बाहेर जाणारी मुलं बहुतेक नववीनंतरच आंतरराष्ट्रीय विभागात जातात. तिथे ए-लेव्हल, एपी नाहीतर आयबी असे परदेशी अभ्यासक्रम असतात, गाओकाओचा संबंध नसतो. तिथली फी ऐकून मेहुण्याने तेव्हाच हात जोडले होते.

एका एजंटाकडे जाऊन आलो. त्याचं म्हणणं, गाओकाओचा नाद सोडा, मुलीला आमच्या क्लासला टाका, निबंधापासून शिफारसपत्रापर्यंत सगळं आम्ही बघतो. सासूबाई म्हणतात, बारा वर्षं घासली ती काय परीक्षा न देण्यासाठी? मी मधल्या मध्ये.

तर विचारायचं असं की गाओकाओचे गुण बाहेर कोण धरतं? आणि शाळेकडून नेमकं काय काय घ्यावं लागतं? वर्गशिक्षिकांनी आत्ताच सांगून टाकलंय की इंग्रजी गुणपत्रक वगैरे भानगडी आम्ही कधी केलेल्या नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

वाचतोय. आपल्याकडे जेईई, त्यांच्याकडे गाओकाओ. बीपीच्या गोळ्या दोन्हीकडे त्याच.

यारा_नदीकाठी

मेलबर्नहून लिहितेय. माझ्या मुलाबरोबर चीनची चार मुलं होती, त्यातली दोन साध्या सरकारी शाळांतून गाओकाओ देऊन आलेली. तेव्हा आधी सासूबाईंना सांगा, त्या बरोबर आहेत!

सिडनी विद्यापीठ २०१२ पासून गाओकाओ धरतं. मेलबर्न, मोनाश, न्यू साउथ वेल्स हीसुद्धा धरतात. एकूण गुणांपैकी किती मिळाले ते बघतात. सगळ्या प्रांतांत एकूण ७५० नसतात, शांघायमध्ये ६६० आहेत, म्हणून कुणी "अमक्याला ५६० ला मिळालं" म्हणालं तर आधी ते कुठल्या प्रांताचे हे विचारा. अभ्यासक्रमागणिक कटऑफ वेगळा, तो विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर बघा, एजंटाच्या तक्त्यावर नको.

दुसरी सोय वेळापत्रकाची. गाओकाओचा निकाल जूनअखेर लागतो आणि इथलं वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं. म्हणजे परीक्षा संपवून, चार दिवस झोपून, मग निवांत आयेल्ट्स देता येते. इंग्रजीत १५० पैकी १४० असले तरी आयेल्ट्स किंवा टोफेल बहुतेक ठिकाणी वेगळी द्यावीच लागते. साधारण साडेसहा बँड धरून चाला. निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा हौसेने फार आधी देऊ नका.

गुण कमी पडले तर फाउंडेशनचं, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचं, एक वर्ष असतं. त्याला काही ठिकाणी अकरावीच्या गुणांवरही घेतात. पण त्या वर्षाचा खर्च पूर्ण वर्षाचाच असतो हे मेहुण्यांच्या कानावर घाला.

बर्मिंगहॅमचा_बंडू

ब्रिटनचं थोडं आडवं आहे. चीनमध्ये आपल्यासारखीच बारा वर्षांची शाळा, इथे ए-लेव्हलपर्यंत तेरा. त्यामुळे चिनी बारावीवाल्याला फाउंडेशन करून या असं सांगण्याची जुनी रीत. ती आता सैल होतेय. आमच्या बर्मिंगहॅमने २०१९ पासून गाओकाओवर थेट प्रवेश सुरू केला. केंब्रिजही गाओकाओ बघतं, पण त्यांना प्रांतातल्या वरच्या ०.१ टक्क्यातली मुलं लागतात. ऑक्सफर्ड नुसत्या गाओकाओवर भागत नाही म्हणतं, सोबत एपीसारखं काही हवं.

अर्ज यूकासमधून (इथली सगळ्या विद्यापीठांची सामाईक अर्जव्यवस्था), जास्तीत जास्त पाच. मुख्य मुदत जानेवारीत संपते, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि मेडिकलची १५ ऑक्टोबरलाच. म्हणजे अर्ज गाओकाओच्या आधी आणि निकाल नंतर. मिळते ती सशर्त ऑफर: इतके गुण आण, मग ये. आणि एक शिक्षकाचं पत्र लागतंच. २०२६ च्या प्रवेशापासून पूर्वीचा एकसलग निबंध जाऊन तीन प्रश्न आलेत, तिन्हींची उत्तरं मिळून ४००० अक्षरं. हा विषय का, शाळेत त्यासाठी काय केलंस, शाळेबाहेर काय केलंस. रात्री साडेनऊला घरी येणाऱ्या मुलीने तिसऱ्याचं उत्तर काय द्यायचं हा प्रश्नच आहे.

सरळमार्गी

मराठी संकेतस्थळावर चिनी मुलीच्या प्रवेशाची चर्चा. कठीण आहे. आपली पोरं आधी बघा.

सूजौकर_सांगली

@सरळमार्गी, ती आमचीच आहे हो. पुरणपोळी खाते, वर गुळवणी मागते.

@बंडू, तिसऱ्याचं उत्तर आहे आमच्याकडे! तिची आजी घरी सोयाबीनचं फू-रू घालते. टोफू आंबवून मिठात मुरवतात, आपल्या लोणच्याच्या वरताण वास. पोरीने दोन हिवाळे बरण्यांचं तापमान आणि मिठाचं प्रमाण वहीत लिहून ठेवलंय. कशासाठी, तर एक बरणी बिघडली आणि आजी तीन दिवस जेवली नाही. हे चालेल का?

बर्मिंगहॅमचा_बंडू

चालेल काय, धावेल. ती वही जपा, आणि एजंटाला दाखवूसुद्धा नका.

जर्सीची_सुमन

मी न्यू जर्सीत एका शाळेत समुपदेशक आहे. अमेरिकेबद्दल सांगते, पण आधी एजंटाच्या "सगळं आम्ही बघतो"बद्दल. शिफारसपत्र एजंट लिहिणार आणि सही शिक्षकाची, निबंध तिसराच कुणी लिहिणार, हे पुढे उघडकीला आलं की ऑफर रद्द होते, कधी शिकत असतानाही काढून टाकतात. फी द्यायचीच असेल तर भाषांतराची आणि कागद लावण्याची द्या.

आता अमेरिका. इथे गाओकाओ सहसा कुणी मागत नाही. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने २०१५ मध्ये त्यावर प्रवेश सुरू केला, अशी उदाहरणं थोडी आहेत. इथे सगळी भिस्त शाळेच्या गुणांवर, आणि तेही नववी ते बारावी अशा चार वर्षांच्या. इथेच चिनी मुलं अडकतात. तिकडे वरची माध्यमिक शाळा तीनच वर्षांची. नववी खालच्या शाळेत होते, इमारत वेगळी, मुख्याध्यापक वेगळे. त्या जुन्या शाळेतून नववीचे गुण वेगळे आणावे लागतात. आत्ताच आणा. मार्चमध्ये नको, तेव्हा तिथे कुणी फोन उचलत नाही.

सॅटचंही ऐका, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचं. चीनच्या मुख्य भूमीवर ती ठरावीक आंतरराष्ट्रीय शाळांतच होते, त्यांच्याच मुलांसाठी. तुमच्या भाचीसारख्यांना हाँगकाँग किंवा मकाऊ गाठावं लागतं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं सॅट बघतच नाहीत, बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक आहे, पण एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. आधी यादी ठरवा, मग विमानाचं तिकीट.

खरं सांगू? गाओकाओची तयारी आणि अमेरिकेचा अर्ज एकाच वेळी हे दोन डगरींवर पाय आहेत. एकच निवडायची असेल तर गाओकाओ चालतो असे देश निवडा. हातात घरचा प्रवेशही राहतो.

व्हिक्टोरिया_हार्बर

हाँगकाँग कुणीच कसं काढलं नाही? परदेश नव्हे, पण शिक्षण इंग्रजीत. चायनीज युनिव्हर्सिटी आणि सिटी युनिव्हर्सिटी मुख्य भूमीच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतून घेतात, हाँगकाँग युनिव्हर्सिटीला स्वतंत्र अर्ज. इथे गाओकाओतल्या इंग्रजीच्या गुणांना वजन आहे.

कागदांचं सांगतो, माझं रोजचं काम तेच. शाळेला इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका. इंग्रजी गुणपत्रक तुम्हीच तयार करा, विषय आणि सत्रं चिनी पत्रकाशी ओळीला ओळ जुळवून. शाळेला फक्त तपासून लाल गोल शिक्का मारायला सांगा. चिनी शाळेला पत्र लिहायला सांगितलं तर घाबरते, शिक्का मारायला सांगितलं तर मारते. गुण १५० पैकी असतील तर तसेच लिहा, शंभरात रूपांतर करू नका, ते विद्यापीठ करेल. गाओकाओच्या गुणांची पडताळणी चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या केंद्राकडून इंग्रजीत मिळते, विद्यापीठं तीच मागतात. नोटरी केलेल्या कागदांना आता दूतावासाचा फेरा बहुतेक देशांसाठी उरला नाही, ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीनमध्ये अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, इतर देशांत मान्य होणारा सरकारी दाखला) चालतं.

आणि नाव! पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आडनावात 'ल्यू'चा दोन टिंबांचा यू असेल तर पासपोर्टवर तो वाय-यू असा येतो. आयेल्ट्सच्या अर्जात नुसता यू घातलात की दोन वेगळ्या मुली तयार होतात. एका कुटुंबाचे यात सात आठवडे गेलेले पाहिलेत.

सूजौकर_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी जेवणाच्या टेबलावर तुमचे प्रतिसाद चिनीत वाचून दाखवले. मेहुण्याने फक्त फाउंडेशनच्या खर्चाचा परिच्छेद दोनदा ऐकला.

ठरलं ते असं. गाओकाओ द्यायचा. अर्ज ऑस्ट्रेलियाला आणि हाँगकाँगला, ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम एक. अमेरिका बाद. एजंटाला नाही म्हणून कळवलं, त्याने लगेच वीस टक्के कमी केले. आयेल्ट्स परीक्षेनंतर जुलैमध्ये नानजिंगला.

काल तिच्या शाळेत मीच गुणपत्रक छापून घेऊन गेलो. वर्गशिक्षिकांनी प्रत्येक आकडा बोटाने तपासला, एक चूकही काढली (रसायनाचं दुसरं सत्र, ८६ चे ६८ झाले होते), आणि दोन मिनिटांत शिक्का. शिफारसपत्र त्या स्वतः चिनीत लिहिणार आहेत. भाषांतर मी करायचं की बाहेरून करून घ्यायचं? मी नातेवाईक आहे म्हणून विचारतोय.

जर्सीची_सुमन

बाहेरून. मूळ चिनी पत्रही सोबत जोडा, आणि दोन्ही शिक्षिकेकडूनच जाऊ देत.