लाइट उलटसुलट आली, अडॅप्टर उडाला, लॅपटॉप चालूच होत नाही. आतला टॅलीचा डेटा वाचेल का?

हिशेबनीस, धनकवडी

नमस्कार मंडळी. मी घरून सात-आठ छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. सगळं एकाच लॅपटॉपवर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो परवा संध्याकाळपासून मेल्यासारखा पडून आहे.

परवा साडेसहाच्या सुमारास वळीव आला, वारं सुटलं आणि लाइट गेली. दहा-पंधरा मिनिटांनी आली ती भलतीच. हॉलमधला दिवा बघवेना इतका लख्ख पेटला. पंखा मी दोनवर ठेवला होता, तो पाचच्याही वर असल्यासारखा घोंघावायला लागला. फ्रीज घुरघुरून थांबला. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं मेन बंद कर आधी!" मी धावत जाऊन मेन पाडला, पण तोवर टेबलाखाली फट्ट झालं होतं. अडॅप्टर फुगून त्याची शिवण उकलली होती आणि जळक्या मासळीसारखा वास दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खोलीतून गेला नाही. शेजारच्यांचा टीव्हीही गेला. नवल म्हणजे खालच्या मजल्यावर त्याच वेळी दिवे मिणमिणत होते, असं तिथल्या वहिनी सांगत होत्या.

लॅपटॉप चार वर्षांचा आहे, बॅटरी आत बसवलेली, अडॅप्टर गोल पिनचा, १९.५ व्होल्ट ६५ वॅटचा. तो उडाला त्याच क्षणी स्क्रीन काळी झाली. काल भाच्याचा तशाच पिनचा, तेवढ्याच वॅटचा अडॅप्टर आणून लावला. त्या अडॅप्टरवर निळा दिवा आहे. पिन लॅपटॉपमध्ये घातली की तो विझतो. पिन काढून, भिंतीतलं बटण बंद-चालू केलं की परत लागतो. लॅपटॉपवर मात्र ना दिवा, ना पंख्याचा आवाज.

११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची रिटर्न, भरायची आहेत. शेवटचा बॅकअप मार्चअखेरचा. एप्रिल-मेच्या सगळ्या नोंदी आतच आहेत. दुकानदारांनी विश्वासानं बिलांच्या पिशव्या माझ्याकडे आणून दिल्यात, त्यांना काय सांगू? कृपा करून कुणीतरी नीट मार्ग सांगा.

जुना मेकॅनिक, बुधवार पेठ

ताई, पहिलं काम म्हणजे भाच्याचा अडॅप्टर पुन्हा पुन्हा लावून बघणं थांबवा. निळा दिवा विझतो याचा अर्थ लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि तो अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय. नुसता तुमचा अडॅप्टर गेला असता तर दुसऱ्यावर लॅपटॉप उठला असता.

फट्ट कसलं झालं तेही सांगतो. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. २३० व्होल्ट एसीचं आत डीसी होतं तेव्हा ते ३२५च्या आसपास जातं, म्हणून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या डबीवर) बहुतेक ४०० व्होल्ट छापलेलं असतं. घरात ४०० व्होल्ट घुसले तर आत साडेपाचशेच्या वर जातात. मग तो फुटणारच, आणि तो वास त्याच्यातल्या द्रवाचा. बऱ्याचदा अडॅप्टर मरतो आणि लॅपटॉप वाचतो. तुमच्याकडे जाता जाता एक झटका पुढे गेलेला दिसतो. बोर्डावर जिथून करंट आत शिरतो तिथले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे बारके भाग) किंवा त्यांच्या शेजारचा बारका कपॅसिटर शॉर्ट झाला असेल, असा माझा अंदाज. ते बदलता येतात. कुणी थेट "बोर्ड गेला, नवा टाका" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका.

घरी एकच गोष्ट करून बघा. अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग अडॅप्टर एकदाच लावा. दिवा परत विझला तर तिथेच थांबा.

आता तुमच्या जिवाचा प्रश्न. डेटा बोर्डावर नसतो, एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या ड्राइव्हवर असतो. चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये ती बहुतेक च्युइंगगमच्या पट्टीएवढी सुटी काढता येते. मागचं झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, त्याशिवाय कशालाही हात लावू नका. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, काढण्याआधी फोटो काढा आणि त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा. एसएसडीच्या टोकाला एक खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असतील तर साटा, हे जोडणीचे दोन प्रकार. पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन्ही चालणारी यूएसबी केस (एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपला बाहेरून जोडायची डबी) मिळते, तीच मागा. दुरुस्तीला लॅपटॉप द्याल तेव्हा एसएसडी घरी ठेवूनच द्या.

वायरमन, पर्वती

मेकॅनिक काकांनी लॅपटॉपचं सांगितलं, मी भिंतीतलं सांगतो, कारण ते जास्त घाईचं आहे. एकाकडे दिवा लख्ख आणि दुसऱ्याकडे मिणमिणता, म्हणजे बिल्डिंगचा न्यूट्रल, वीज परत जायची वायर, सुटलाय. तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वायरी, वेगवेगळ्या फ्लॅटना वाटलेले असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३०, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल तुटला की दोन फ्लॅट जणू एकाच माळेत लागतात. ज्याच्या घरी कमी सामान चालू त्याच्याकडे जास्त व्होल्टेज चढतं. तुमच्याकडे तेव्हा दिवा, पंखा, फ्रीज एवढंच होतं. खाली गिझर किंवा इस्त्री चालू असणार.

एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) का पडला नाही, असं सगळे विचारतात. तो करंट बघतो, व्होल्टेज नाही. आणि स्पाइक गार्डवर विसंबू नका. आतला व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषणारा भाग, क्षणभराच्या उसळीसाठी असतो, मिनिटभर ४०० आले तर तोच जळतो. डीबीत (घरातल्या मेन स्विचच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. मर्यादेबाहेर गेलं की तो सप्लाय तोडतो.

मीटर रूममध्ये तुम्ही स्वतः हात घालू नका. माहितगार माणसाकडून न्यूट्रल लिंकचे (न्यूट्रलच्या वायरी जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट बघून घ्या. तोवर फ्रीजसुद्धा लावू नका. लाइट नीट दिसली तरी न्यूट्रल अर्धवट टेकलेला असू शकतो, वारा आला की पुन्हा सुटेल.

हिशेबनीस, धनकवडी

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री भाचा आणि मी मिळून झाकण उघडलं. पॉवरचं बटण दाबून धरण्याचा उपाय आधी केला, दिवा विझलाच. बॅटरीचा कनेक्टर सोडवला, एसएसडी काढली, एका खाचेची निघाली. केस आणली, नवऱ्याच्या लॅपटॉपला लावली. कुलपाचं चित्र आलं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. मी आयुष्यात असलं कुलूप लावलेलं नाही! जुन्या पासवर्डनं उघडत नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला की काय, या विचारानं झोप नाही लागली.

एक वाचक, औंध

ताई, घास गेलेला नाही. ते बिटलॉकर आहे, विंडोजचं डेटाला लागणारं कुलूप. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॅपटॉप सुरू केला की बऱ्याचदा ते आपोआप लागतं आणि की त्याच खात्यात जमा होते. ज्या ईमेलनं पहिल्यांदा लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात मोबाइलवरून जा, उपकरणांच्या यादीत बिटलॉकर की बघा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. स्क्रीनवर कीची ओळख म्हणून जी अक्षरं दिसतात, त्यातली पहिली आठ जुळतात का ते आधी पडताळा. दोन खाती असतील तर दोन्ही उघडून बघा. आणि मध्येच "फॉरमॅट करायचं का" असं विचारलं तर काही झालं तरी हो करू नका.

हिशेबनीस, धनकवडी

मिळाली! माझ्या ईमेलमध्ये नव्हती. लॅपटॉप घेतला तेव्हा दिरांनी त्यांच्या ईमेलनं सुरू करून दिला होता, त्यांच्या खात्यात होती. ते नाशिकहून फोनवर एकेक गट वाचत होते, मी मागून म्हणत होते, सासूबाई कागदावर उतरवून घेत होत्या. आठवा गट टाकला आणि ड्राइव्ह उघडली. टॅलीच्या डेटात आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात, ती सगळीच्या सगळी जागेवर. आधी पेनड्राइव्हवर उतरवली, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आणि मगच नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघितली. ३१ मेची शेवटची नोंद, किराणावाल्या काकांचं तेलाच्या डब्यांचं बिल, दिसलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाच जणांचं रिटर्न काल गेलं, उरलेली आज बसून करते.

लॅपटॉपचं निदान काकांनी सांगितलं तसंच निघालं. दोन मॉस्फेट आणि एक कपॅसिटर बदलून २२०० रुपयांत चालू झाला. याआधी एका दुकानात मला बोर्ड बदलायचे १४ हजार सांगितले होते.

मीटर रूममध्ये न्यूट्रल लिंकचा बोल्ट काळा ठिक्कर पडलेला होता, वायरच्या टोकाचं प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं. सोसायटीनं दुसऱ्याच दिवशी नवी लिंक घालून घेतली. आमच्या आणि शेजारच्यांच्या डीबीत प्रोटेक्टर बसला, खालच्या वहिनीही बसवून घेताहेत. भाच्याचा अडॅप्टर मेकॅनिककडून तपासून परत दिला. मल्टिमीटरवर १९.६ व्होल्ट दाखवतो.