एलएलएमसाठी पर्सनल स्टेटमेंट: सुरुवातच जमेना, सल्ला द्या

गोदाकाठचा: नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला. एलएलबीनंतर दोन वर्षं तालुका कोर्टात ज्युनिअरशिप करतोय. इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, अर्ज करायचाय. शिफारसपत्रं मिळाली, पण पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा कोर्स का करायचाय हे सांगणारा मजकूर, चारदा लिहून फाडलं. दरवेळी 'लहानपणापासून न्यायाची ओढ' इथूनच गाडी निघते. घरात सांगण्यासारखं म्हणजे आजोबा कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसत, त्या जमिनीचा दावा, तेवढंच. ते तिकडच्या प्राध्यापकांना काय कळणार?

खंडपीठवाले काका: अरे बाबा, तेच लिही! मी संभाजीनगरला खंडपीठात वकिली करतो, कूळ कायद्याची प्रकरणं रोजची. आपल्याकडं मराठवाड्यात आजही हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा चालतो, पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा 1948 चा, विदर्भाला 1958 चा वेगळा. राज्य एक, कूळ कायदे तीन. कारण मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हे दोन वाक्यांत सांगितलंस तर परक्या माणसालाही कळतं. पण निव्वळ इतिहास नको. तू स्वतः कोणता कागद हातात घेतलास, कुठं अडलास, ते सांग.

लातूरची_लेक: काकांना दुजोरा. मी तिकडून एलएलएम करून आले. माझ्या पहिल्या खर्ड्यात निम्मा भाग सीव्हीच होता, मार्क आणि मूट कोर्टाची (सरावाच्या खटल्यांची) बक्षिसं. खर्डा वाचणाऱ्या मॅडमनी तो सगळा खोडला, कारण ते अर्जात दुसरीकडं असतंच. तुमच्या दाव्यातून कायद्याचा कोणता प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर त्या कोर्समधल्या कोणत्या विषयात शोधणार, हे जोडा. विषयांची नावं विद्यापीठाच्या पानावरून बघून घ्या. एकच मजकूर सगळीकडं पाठवू नका, शब्दमर्यादा आणि विचारलेला प्रश्न दरवेळी वेगळा असतो. आणि कुणाकडून पैसे देऊन लिहून घेऊ नका, कळकळीनं सांगते. वाचायला मात्र दोघांना द्या: एक वकील, एक कायद्याचा गंध नसलेला.

गोदाकाठचा: काका, ताई, आभार. रात्री बसून ही सुरुवात केली: 'आजोबांचं नाव 1954 च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमीन कोण कसतं याच्या नोंदीत, कूळ म्हणून आहे. पुढच्या सातबाऱ्यात ते नाही. मधल्या काळात काय झालं, हे शोधायला मी पहिल्यांदा अभिलेख कक्षात गेलो, तेव्हा जुने उर्दू कागद मला वाचता येईनात.'

खंडपीठवाले काका: आता वाचावंसं वाटतंय. पुढं ते कागद कुणाकडून वाचून घेतलेस, आणि त्यात काय निघालं?

गोदाकाठचा: गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून, काका. एका नोंदीचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याचा कागदच, सापडला नाही. दुसरा परिच्छेद तिथूनच लिहितो.

लातूरची_लेक: लिहा. झाला की इथं टाका, मी वाचते.